पावणी : पेडणे-डिचोलीतील जुन्या मोटारींच्या शोधात

आपण रोजच्या व्यवहारात ज्या शब्दाने जप्तीची घरे, बुडीत कर्जाचे दागिने आणि सरकारी भंगार विकतो, तो ‘लिलाव’ हा शब्द मूळचा मराठी नव्हे. पोर्तुगीजांच्या ‘लेलांव’चे ते देशी रूप होय. कोकणपट्टीत जिथे जिथे पोर्तुगीजांनी ठाणी मांडली तिथे तिथे बंदरावरचा माल, ताबूत झालेली घरे आणि सरकारी ठेके पुकारून विकण्याची त्यांची रीत लोकांनी पाहिली, आणि तो शब्द हळूहळू घाट चढून वर आला. मौज अशी की, ज्या गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता सर्वांत अधिक काळ टिकली तिथल्या खेडुतांच्या तोंडी मात्र आजही दुसराच शब्द आहे. ते म्हणतात ‘पावणी’. जत्रा आटोपली की देवापुढे आलेले केळीचे घड, नारळ, भोपळे यांची देवळाच्या प्रांगणात पावणी होते. बाजारात पन्नास रुपयांना मिळणारा नारळ तिथे पाचशेला जातो, आणि तो घेणारा आपण फसलो असे मुळीच समजत नाही.

पाऊस सरल्यावर मी पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत आठवडाभर हिंडलो. समुद्र पाहावयाचा नव्हता, देवदर्शन वाटेत होईल तेवढेच. पाहावयाच्या होत्या त्या जुन्या मोटारी. बडोद्यास जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या हिरवळीवर जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. राजेरजवाड्यांच्या झळझळीत गाड्या पाहण्यासाठी अर्धे शहर लोटले होते. आमच्या शेजारी राहणाऱ्या एक वृद्ध ताई, ज्यांचे माहेर पेडणे तालुक्यातले, त्या गर्दीत शांतपणे म्हणाल्या, “अशी एक आमच्या मांगरातही उभी आहे हो.” पुढे त्यांच्या घरात वडिलार्जित मालमत्तेच्या वाटपाची गोष्ट निघाली, आणि मी गोव्यास निघालो तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की, गाडी अजून आहे का तेवढे पाहून या.

पत्रादेवीला महाराष्ट्राची हद्द संपून पेडणे तालुका सुरू होतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच सीमेवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. हुतात्म्यांचे स्मारक तिथे आहे. त्याच सुमारास भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याशी येणेजाणे आणि व्यापार आवळून धरला. कोंडीने गोवा वाकेल असा हिशेब होता. परंतु त्याच वर्षांत डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील डोंगरांतून लोहखनिज निघून जपानला आणि पश्चिम जर्मनीला जाऊ लागले होते. खनिजाच्या बदल्यात परकीय चलन आले, आणि त्या चलनाने परदेशी माल आला. घड्याळे आली, रेडिओ आले, मद्ये आली आणि मोटारी आल्या. तेरेखोल नदीच्या पलीकडे सावंतवाडीत ज्या काळी अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड यांवाचून चौथे नाव सहसा ऐकू येत नव्हते, आणि त्यांसाठीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या काळी नदीच्या अलीकडे ओपेल, फोक्सवॅगन, शेव्हरोले धावत होत्या. मर्सिडीज तर गोव्यात टॅक्सी म्हणून चाले. त्या पिढीची माणसे आजही हे सांगताना किंचित छाती पुढे काढतात. आणखी एक गंमत. खुद्द पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहने हाकण्याचा नियम केला, पण गोव्याला तो लावला नाही. शेजारचा सारा मुलूख डावीकडून चालणारा, तेव्हा गोवाही डावीकडूनच चालत राहिला.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, आणि त्याबरोबर मोटारींच्या आयातीचे हे दार मिटले. आत होत्या तेवढ्या गाड्या राहिल्या. उरलेल्या भारतात परदेशी गाडी हवी असेल तर परदेशी वकिलातींनी वापरून टाकलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन विकत असे, तिथे बोली लावावी लागे. नटनट्या आणि कारखानदार यांनाच ते परवडे. साहजिकच गोव्यातल्या चांगल्या गाड्यांवर बाहेरच्यांचा डोळा गेला. ज्या उरल्या त्या कोणी जाणूनबुजून जतन केल्या म्हणून नव्हे, तर कोणी विचारले नाही म्हणून.

पेडणे शहर लहान आहे. भगवतीच्या देवळापुढचे दगडी हत्ती आणि देशप्रभूंचा विस्तीर्ण वाडा ही त्याची ओळख. वाड्यातील चांदीच्या पालख्या प्रसिद्ध आहेत. गावातल्या मुलालाही ठाऊक असते की ती पालखी म्हणजे घराण्याची पत आहे, तिची किंमत करावयाची नसते. मोटारीला मात्र हा मान मिळाला नाही. पालखीनंतरचे वाहन म्हणून ती दारात आली, तीही मिरवली, लग्नात फुलांनी सजली, आजाऱ्याला रात्री-अपरात्री म्हापशास घेऊन गेली, आणि थकल्यावर गुरांच्या शेजारी उभी राहिली. पालखीला दालन आणि मोटारीला गोठा, असा आपल्याकडचा न्याय आहे.

ताईंचे माहेर ज्या गावात आहे त्याचे नाव मुद्दाम देत नाही. जांभ्या दगडाचे जुने चौसोपी घर, मागे काजूची बाग, आणि बागेच्या कडेला झावळ्यांनी शाकारलेला मांगर. ताईंचे थोरले बंधू, वय सत्तरीच्या पुढे, मला तिकडे घेऊन गेले. आत १९५९ सालची ओपेल रेकॉर्ड होती. वरचा भाग दुधी, खालचा आकाशी. समोरची काच दोन्ही कडांना वळवून आणलेली, त्यामुळे गाडी आहे त्याहून लांबरुंद दिसते. टायर केव्हाच बसले होते. एका दारावर कोंबड्यांनी आपला हक्क सांगितला होता. पण बसण्याच्या जागेवरचे मूळचे कापड शाबूत होते, आणि सुकाणूच्या दांड्याला जोडलेला गिअरचा दट्ट्या हलवला तेव्हा तो मुकाट्याने हलला.

“काढून टाकायची म्हणतो,” भाऊ म्हणाले. “दोन महिन्यांमागे एक मनुष्य आला होता. मुंबईचा दलाल असावा. चाळीस हजार देतो म्हणाला. कागद नसले तरी चालतील, आजच टेंपोत घालून नेतो, फक्त कोणाला सांगू नका म्हणाला.”

“मग?”

“मग काय! ‘कोणाला सांगू नका’ म्हणाला म्हणून मी थांबलो.”

मला वाटते, जुन्या मोटारींच्या साऱ्या व्यवहाराचे मर्म भाऊंच्या या उत्तरात आहे. आपल्याकडे जुनी गाडी विकली जाते ती कानात. एक दलाल येतो, मांगराच्या अंधारात पाहतो, तोंड वाकडे करतो, गंजाकडे बोट दाखवतो आणि आकडा कुजबुजतो. शेजारच्याला कळत नाही, भावंडांना कळत नाही. गाडी रात्रीतून जाते, आणि वर्षा-दोन वर्षांनी कुठल्या तरी प्रदर्शनात नवा रंग लावून उभी राहते, तेव्हा तिच्यापुढच्या पाटीवर तिच्या गावाचे नाव नसते.

याच्या अगदी उलट टोकाला अमेरिकेतील लिलाव आहेत. तिथे गेली पन्नासएक वर्षे जुन्या मोटारी उघड्या मांडवात, हजारो लोकांसमोर, पुकारून विकल्या जातात. ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे बॅरेट-जॅक्सन यांचा लिलाव १९७१ पासून भरतो. १९८८ मध्ये सुरू झालेले मीकम हे दुसरे मोठे घर. तिथे सर्वाधिक चुरस असते ती ज्यांना ते लोक ‘मसल कार’ म्हणतात, म्हणजे पिळदार दंडाच्या मोटारी म्हणा ना, त्यांच्यासाठी. १९६४ साली पॉन्टियाक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत सुमारे साडेसहा लिटरचे आठ नळकांड्यांचे इंजिन बसवून ‘जी. टी. ओ.’ नावाने ती तरुणांना विकली, आणि एक नवी जात जन्माला आली. सुताराच्या मुलाला परवडेल अशा किमतीत शर्यतीच्या गाडीचा जोर! पुढे विम्याचे हप्ते भडकले, १९७० साली हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कडक कायदा झाला, १९७३ मध्ये तेलाने पेट घेतला, आणि दहा वर्षांच्या आत ही जात जवळजवळ संपली. सत्तरीच्या उत्तरार्धात या गाड्या कवडीमोलाने मिळत होत्या. ज्यांना त्या विशीत घेता आल्या नाहीत ती मुले पन्नाशीला पोचली आणि हाती पैसा आला, तेव्हा भाव चढले. १९७१ साली प्लिमथ कंपनीने ‘हेमी’ इंजिनाच्या, उघड्या टपाच्या ‘कुडा’ फार तर डझनभर काढल्या होत्या. त्यांपैकी एक जून २०१४ मध्ये सिॲटल येथे ३५ लाख डॉलरला गेली.

यात एक गोष्ट फार बोलकी आहे. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन या नटाने हाकलेली हिरवी फोर्ड मस्टँग १९७४ साली एका गृहस्थाने मासिकातील जाहिरात पाहून विकत घेतली. त्याची बायको ती गाडी घेऊन रोज कामावर जात असे. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून गाडी परत मागितली, तरी त्यांनी ती दिली नाही. पुढे क्लच बिघडला आणि गाडी कित्येक वर्षे घरीच उभी राहिली. १० जानेवारी २०२० रोजी फ्लॉरिडातील किसिमी येथे त्यांच्या मुलाने ती लिलावात काढली तेव्हा तिचा रंग उडालेला होता, पत्र्याला पोचे होते, चित्रीकरणासाठी पाडलेली भोके तशीच होती. कोणी तिला नवा रंग दिला नव्हता. बोली ३४ लाख डॉलरवर थांबली, आणि लिलाव करणाऱ्याचे दहा टक्के धरून घेणाऱ्याला ती ३७ लाख ४० हजार डॉलरला पडली.

आपली पहिली प्रतिक्रिया अशी की, अमेरिकन लोकांना पैसा जास्त झाला आहे. ते खरेही आहे. परंतु हा भाव नुसत्या लोखंडाचा नव्हता. ही तीच गाडी, हेच तिचे मूळचे कवच, ती या घरातून त्या घरात अशी अशी गेली, याचा अखंड पुरावा त्या लोकांजवळ होता. तिथे इंजिनावर कोरलेला क्रमांक आणि सांगाड्यावरचा क्रमांक जुळतो की नाही हे भिंग लावून पाहतात. जुळला तर एक भाव, न जुळला तर निम्मा नाही तर तिसरा हिस्सा. लग्न ठरवताना आपल्याकडे कुळ-गोत्र विचारतात तसा हा प्रकार. विकणाऱ्याला आपली किमान किंमत आधी बंद लिफाफ्यासारखी सांगून ठेवता येते. तिच्या खाली बोली थांबली तर गाडी घरी परत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आकडा सर्वांसमोर उच्चारला जातो, त्यामुळे पुढच्या विकणाऱ्याला आपल्या गाडीचा भाव ठाऊक असतो. पेडण्याच्या भाऊंना तो ठाऊक असण्याचा कोणताच मार्ग नव्हता. पॉन्टियाक आणि ओपेल दोन्ही जनरल मोटर्स या एकाच घराण्याच्या लेकी; एकीच्या वाट्याला मांडव आला आणि दुसरीच्या वाट्याला मांगर.

धारगळवरून कोलवाळचा पूल ओलांडून म्हापसे, तेथून अस्नोडा, मुळगाव आणि मग डिचोली, अशी माझी पुढची वाट होती. पेडण्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाल्यामुळे रस्ते रुंद झाले आहेत आणि जमिनीचे दलाल उदंड झाले आहेत. अस्नोड्यापुढे मात्र रस्ता लाल होतो. ही खनिजाची माती. डिचोलीची जुनी कीर्ती कासारांची; समया आणि लामणदिवे इथले नावाजलेले. खाणींनी त्या गावाला ट्रक दिले, आणि ट्रकांनी मेस्त दिले. गोव्यात कुशल कारागिराला मेस्त म्हणतात. मी ज्या मेस्तांकडे गेलो ते वडिलांपासून मोटारींच्या कामात. त्यांच्या गॅरेजात एक जुनी मर्सिडीज आडवी उभी होती, आणि तिच्या पुढच्या झाकणाखाली होते मॅटॅडोर गाडीचे डिझेल इंजिन.

मी जरा हळहळलो असेन. मेस्त हसले. “पेट्रोल महागले तेव्हा टॅक्सीवाल्याने काय करायचे होते? गाडी जाळायची होती? हे इंजिन घातले म्हणून त्याची तीन मुले शिकली.” मग त्यांनी एकेक करून दाखवले. दाराची एक मूठ तुटली होती ती त्यांच्या वडिलांनी कासाराकडून पितळेत ओतवून घेतली होती. ब्रेकचे रबर दुसऱ्याच कुठल्या गाडीचे. काच जीपची कापून बसवलेली. चाळीस वर्षे ज्या देशात या गाडीचा एक खिळा मिळत नव्हता तिथे त्यांनी ती चालती ठेवली होती. माझ्या मते ही कारागिरी कोणत्याही प्रदर्शनात मांडण्याजोगी आहे. पण संग्राहकाच्या ताजव्यात तिचे वजन उणे भरते. ज्या युक्तीने गाडी जगली त्याच युक्तीने तिचे मोल गेले, आणि जी मांगरात मरू दिली गेली तिचे मोल राहिले.

कायदाही संग्राहकाच्याच बाजूचा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि सांगाडा, कवच व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदता येते. तिला ‘व्ही. ए.’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, तेल भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणावयाची. ती विकली तर नव्वद दिवसांत परिवहन खात्याला कळवावे लागते. म्हणजे मेस्तांच्या मर्सिडीजला हे दार जवळपास बंद, आणि भाऊंच्या ओपेलला उघडे, मात्र कागद हवेत.

कागदांवरून मेस्तांनी मला अर्धा तास शिकवले. पोर्तुगीज अमदानीतले वाहनपुस्तक, आल्फांदेग म्हणजे जकातखात्याची पावती, मुक्तीनंतरच्या नोंदणीचा ‘जी. डी.’ मालिकेतील क्रमांक, विम्याच्या जुन्या चिठ्ठ्या, एवढेच काय, लग्नातला गाडीसह काढलेला फोटोही जपावा. “गाडयेक मोल ना, कागदांक मोल आसा,” असे ते कोंकणीत म्हणाले. त्यांच्याकडे येणारी दहांतली आठ माणसे वडील वारल्यावर पहिल्या साफसफाईत पोर्तुगीज भाषेतले कागद ‘कोणाला वाचता येतात’ म्हणून बंबात घालतात, आणि मग गाडीचा भाव विचारायला येतात!

त्याच गॅरेजाबाहेर तीन टिपर ट्रक वेलींनी झाकून गेले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द होऊन त्या पुन्हा बंद पडल्या. डिचोली तालुक्यात ज्या घरी ट्रक नव्हता असे घर शोधावे लागे, आणि प्रत्येक ट्रकावर कर्ज होते. सरकारला कर्जसवलतीची योजना आणावी लागली. कित्येक ट्रक किलोच्या भावाने गेले. दरम्यान साठलेल्या खनिजाचा लिलाव झाला, डिसेंबर २०२२ मध्ये डिचोलीच्या खाणपट्ट्याचाही झाला आणि २०२४ मध्ये तिथे पुन्हा यंत्रे सुरू झाली. ट्रकाला संग्राहक भेटला नाही. पन्नास वर्षांनी भेटेलही कदाचित, परंतु तोवर एखादा तरी उरावा लागेल.

परतीच्या वाटेवर मुळगावच्या एका चहाच्या दुकानात पावणीची गोष्ट निघाली, आणि एका निवृत्त शिक्षकांनी मला जी माहिती सांगितली तिने माझ्या मनातला गुंता बराच सुटला. गोव्याच्या जुन्या ग्रामसंस्थेला गावकरी म्हणतात. पोर्तुगीज कागदांत तीच कोमुनिदाद. १५२६ च्या फोरालात पोर्तुगीजांनी तिच्या रीतिभाती लिहून ठेवल्या त्या अर्थी ती त्यांच्याही आधीची. सामाईक शेते दर तीन वर्षांनी पावणीला लावायची, चढ्या बोलीने द्यायची, आलेल्या पैशातून बांध-बंदिस्ती करायची, देवकार्य करायचे आणि उरले ते गावकरांत वाटायचे, अशी पद्धत. खाजन जमिनींच्या मानशीत, म्हणजे भरतीचे पाणी आवरणाऱ्या दारात, सापडणाऱ्या मासळीचा हक्कसुद्धा पावणीनेच जाई. भाव उघड, पैसा गावात, आणि वस्तूही गावातच. शिक्षक म्हणाले, “शेत कोणीही घेवो, ते काही तुम्ही उचलून दिल्लीला नेत नाही.” मोटारीचे तसे नाही, तिला चाके आहेत. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी खास बांधवून घेतलेली ड्यूसेनबर्ग परदेशी गेली. तशा किती संस्थानिकांच्या गाड्या गेल्या तेव्हा कुठे सरकारने फार जुन्या मोटारींची निर्यात बंद केली.

पण त्याच शिक्षकांनी आणखी एक पावणी सांगितली, जी मी ऐकली नव्हती. गोव्यात वारसाहक्काचा कायदा निराळा आहे, मुलगा आणि मुलगी यांत तो भेद करीत नाही. वाटणी न्यायालयापुढे होते तिला लोक इन्व्हेंतार म्हणतात, आणि २०१२ च्या कायद्याने, जो २०१६ च्या अखेरीस अमलात आला, ती रीत कायम ठेवली आहे. घरातील जमीनजुमल्यापासून चमचे-पेल्यांपर्यंत साऱ्याची यादी करावयाची, प्रत्येकापुढे अंदाजे किंमत मांडावयाची, आणि जी वस्तू एकाहून अधिक वारसांना हवी असेल तिच्यावर वारसांनी आपसातच बोली लावावयाची. याला लिसितासांव म्हणतात. बाहेरच्याला तिथे तोंड उघडता येत नाही. ज्याची बोली चढी त्याची वस्तू, आणि आपल्या वाट्याहून जे जास्त घेतले त्याचे पैसे त्याने इतर भावंडांना द्यावयाचे. भावाभावांत लिलाव हे ऐकून प्रथम कानाला खडबडीत लागते. परंतु कानात कुजबुजून एकाने विकण्यापेक्षा, आणि मग जन्मभर एकमेकांची तोंडे न पाहण्यापेक्षा, ते किती तरी सरळ आहे.

मी पेडण्यास परत जाऊन भाऊंना विचारले. इन्व्हेंतार चालू होताच. तिघे वारस, भाऊ, लिस्बनला स्थायिक झालेले मधले बंधू आणि बडोद्याच्या ताई. यादीत ओपेल होती, ‘जुनी नादुरुस्त मोटार’ म्हणून, किंमत १०,००० रुपये. तिच्यावर कोणी बोली लावील असे भाऊंच्या स्वप्नातही नव्हते. आम्ही दोघांनी मिळून माळ्यावरची पेटी उतरवली. वाहनपुस्तक मिळाले, वाळवीने कडा खाल्लेले, पण क्रमांक स्वच्छ. मग मांगरात दिवा धरून इंजिनावरची धूळ पुसली. भाऊ एकेक आकडा मोठ्याने वाचीत होते आणि मी पुस्तकात पाहत होतो. सर्व आकडे जुळले.

बडोद्यास आल्यावर ताईंना पुस्तकाचा फोटो दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वडिलांनी त्यांना याच गाडीतून पणजीला परीक्षेस नेले होते, एवढे त्यांनी सांगितले. चार महिन्यांनी न्यायालयात तारीख पडली. लिस्बनच्या बंधूंच्या वकिलाने पन्नास हजार म्हटले. त्यांनाही तिचा मोह होता हे कोणालाच ठाऊक नव्हते. भाऊंनी साठ म्हटले. बडोद्याहून गेलेल्या ताईंनी एकदम दोन लाख म्हटले आणि पदर सावरून खाली बसल्या. बोली तिथेच थांबली. घरी आल्यावर मधल्या बंधूंचा लिस्बनहून फोन आला. रागावले असतील अशी सर्वांना धास्ती होती, पण त्यांनी विचारले ते हे की, मागच्या बाकावरचे निळे कापड अजून आहे का.

गाडी सध्या पेडण्यातच आहे. बसलेल्या टायरांवरचा भार काढण्यासाठी भाऊंनी तिच्या आसाखाली जांभ्याचे चार चिरे रचले आहेत, कोंबड्यांची सोय दुसरीकडे केली आहे, आणि डिचोलीचे मेस्त पाऊस संपला की येऊन पाहणार आहेत. ताईंनी त्यांना एकच अट घातली आहे : इंजिन बदलावयाचे नाही, रंगही द्यावयाचा नाही.